धडक (चित्रपटसंगीत)

धडक हा याच नावाच्या हिंदी प्रेमपटाचा संगीत अल्बम आहे. तो २०१८ साली झी म्युझिक कंपनीने प्रसिद्ध केला. संगीत अजय-अतुल (अजय गोगावले व अतुल गोगावले) यांचे असून गीते अमिताभ भट्टाचार्य यांनी लिहिली आहेत. ‘धडक’, ‘झिंगाट’, ‘पहली बार’ आणि ‘वारा रे’ अशी चारच गीते या अल्बममध्ये आहेत. त्यांपैकी ‘झिंगाट’ आणि ‘पहली बार’ यांच्या चाली नागराज मंजुळे यांच्या सैराट (२०१६) या मराठी चित्रपटातून घेतलेल्या असून उरलेल्या दोन नव्याने बांधलेल्या आहेत. चित्रपटाचे पार्श्वसंगीत मात्र अजय-अतुल यांचे नसून जॉन स्टुअर्ट एदुरी यांचे आहे.

मराठी संगीतकारांनी आपल्याच गाजलेल्या मराठी गीतांना हिंदी रूप दिल्याचे उदाहरण म्हणून या अल्बमची चर्चा झाली. बोलीभाषेत रुजलेले गीत प्रमाण हिंदीत नेताना काय टिकते आणि काय गळून पडते, हे पाहण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण अलीकडच्या चित्रपटसंगीतात क्वचितच सापडेल. चाल तीच, संगीतकार तेच, पुष्कळ अंशी गळाही तोच. बदलले ते शब्द आणि भोवतालचे गाव.

== नाव ==

चित्रपटाचे नाव मराठी वाचकाला किंचित चकवते. मराठीत ‘धडक’ म्हणजे टक्कर किंवा जोराचा आघात. ‘धडक मोर्चा’, ‘धडक कारवाई’, ‘ट्रकची दुचाकीस धडक’ हे प्रयोग वर्तमानपत्रांत रोज दिसतात. हिंदीत मात्र याच शब्दाने हृदयाचे धडधडणे सूचित होते आणि चित्रपटाला तोच अर्थ अभिप्रेत आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘धड्’ हा एकच ध्वनी आहे. एका भाषेने तो छातीच्या आत ऐकला, दुसरीने बाहेर. ‘सैराट’ या मूळ नावाला हिंदीत सरळ प्रतिशब्द नाही. मोकाट, बेभान, कशाचाही धरबंध न राहिलेला अशा छटा त्या एका शब्दात एकवटल्या आहेत.

‘वारा रे’ या गीताच्या नावाबाबतही असाच घोटाळा होतो. मराठी कानाला ‘वारा’ म्हटले की झुळूक आठवते. हिंदीतील ‘वारना’ या क्रियापदाचा अर्थ ओवाळून टाकणे, जीव कुरवंडणे असा आहे आणि प्रेमगीतात तोच लागू पडतो.

== पार्श्वभूमी ==

सैराट हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या परिसरात घडणारी ही कथा पाटलाची मुलगी आर्ची (रिंकू राजगुरू) आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा परश्या (आकाश ठोसर) यांच्या प्रेमाची, पलायनाची आणि अखेर जातीच्या प्रतिष्ठेपायी झालेल्या त्यांच्या हत्येची आहे. शंभर कोटी रुपयांचा गल्ला ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. रिंकू राजगुरू यांच्या अभिनयाची त्रेसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष दखल घेण्यात आली.

या यशात संगीताचा वाटा फार मोठा होता. ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’ ही चार गीते चित्रपट येण्यापूर्वीच घरोघर पोहोचली होती. त्यांतील वाद्यवृंदाचे काम अमेरिकेतील लॉस एंजेलिसनजीकच्या सोनी स्कोअरिंग स्टेज या ध्वनिमुद्रणगृहात झाले. करमाळ्याच्या बोलीतील शब्द आणि हॉलिवूडच्या वादकांचा पाश्चात्त्य वाद्यमेळ हा संयोग मराठीत तोपर्यंत कोणी कल्पिलाही नव्हता. ही निवड केवळ श्रीमंती दाखवण्यासाठी नव्हती. हिंदी चित्रपटांत असा भव्य वाद्यवृंद श्रीमंत घरांतील नायक-नायिकांच्या वाट्याला येत असे. येथे तो मासे पकडणाऱ्या घरातल्या मुलाच्या मनातील खळबळीसाठी वाजला.

सैराटनंतर या कथेच्या अनेक भाषांतील आवृत्त्या निघाल्या. कन्नडमध्ये मनसु मल्लिगे (२०१७) हा चित्रपट एस. नारायण यांनी दिग्दर्शित केला व त्यात रिंकू राजगुरू यांनीच पुन्हा नायिकेची भूमिका केली. पंजाबीत चन्ना मेरेया (२०१७), बंगालीत नूर जहाँ (२०१८) हे चित्रपट आले. हिंदी आवृत्तीचे काम करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सने झी स्टुडिओजसह हाती घेतले. दिग्दर्शन शशांक खेतान यांनी केले. हम्प्टी शर्मा की दुल्हनिया आणि बद्रीनाथ की दुल्हनिया हे त्यांचे आधीचे चित्रपट हलक्याफुलक्या प्रेमकथांचे होते. नायकाच्या भूमिकेत ईशान खट्टर आणि नायिकेच्या भूमिकेत जान्हवी कपूर यांची निवड झाली. जान्हवी यांचा हा पहिलाच चित्रपट. त्यांच्या मातोश्री, अभिनेत्री श्रीदेवी यांचे चित्रपट प्रदर्शित होण्याच्या काही महिने आधी, २४ फेब्रुवारी २०१८ रोजी निधन झाले. धडक २० जुलै २०१८ रोजी चित्रपटगृहांत आला.

कथेचे स्थान करमाळ्याहून राजस्थानातील उदयपूरला हलले. पाटलाच्या वाड्याच्या जागी राजघराण्याशी नाते सांगणारी हवेली आली. पळून गेलेले जोडपे मूळ चित्रपटात हैदराबादला जाऊन राहते, येथे कोलकात्याला.

== संगीतकार आणि हिंदी रूपांतराची परंपरा ==

अजय-अतुल हे बंधू पुणे जिल्ह्यातील. वडिलांची महसूल खात्यात नोकरी असल्याने शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा तालुक्यांच्या गावी त्यांचे बालपण गेले. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. जत्रा, भजन, गोंधळ, शाळेतील बँड यांतून आणि ध्वनिफिती ऐकून त्यांचा कान घडला. जोगवा या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्या मराठी चाली हिंदीत नेणे त्यांना नवे नव्हते. जत्रा या मराठी चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ हे आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायिलेले गीत अग्निपथ (२०१२) मध्ये ‘चिकनी चमेली’ या नावाने श्रेया घोषाल यांच्या आवाजात आले आणि देशभर गाजले. त्या गीताचे हिंदी शब्दही अमिताभ भट्टाचार्य यांचेच होते. मूळचे लखनौचे असलेले भट्टाचार्य देव डी (२००९) पासून प्रकाशात आले. तयार चालीवर शब्द बसवण्याचा त्यांचा हातखंडा आहे. अग्निपथच्या अनुभवामुळे संगीतकार व गीतकार यांची ओळख धडकपूर्वीच पक्की झालेली होती.

मात्र ‘कोंबडी पळाली’ आणि सैराटची गीते यांत एक फरक आहे. पहिले गीत महाराष्ट्राबाहेर फारसे कोणी ऐकले नव्हते, त्यामुळे ‘चिकनी चमेली’ देशाला नवेच वाटले. ‘झिंगाट’ मात्र २०१६ सालीच मराठी न समजणाऱ्यांच्या लग्नसमारंभांतही वाजू लागले होते. धडकला तुलनेतून सुटका नव्हती.

== गीते ==

‘धडक’ हे शीर्षकगीत अजय गोगावले आणि श्रेया घोषाल यांनी गायिले आहे. जून २०१८ मध्ये अल्बममधील हेच गीत प्रथम प्रसिद्ध झाले. संथ लयीतील हे प्रेमगीत संपूर्णपणे नवे आहे आणि या अल्बममधील सर्वांत स्वयंपूर्ण रचना म्हणून त्याचाच उल्लेख करावा लागेल. मूळ मराठी गीताची सावली त्याच्यावर नाही, त्यामुळे शब्द आणि स्वर एकमेकांसाठी घडल्यासारखे वाटतात. अजय यांचा आवाज खालच्या सप्तकात सौम्य राहतो व वर जाताना मोकळा होतो. श्रेया घोषाल यांचा प्रवेश त्या मोकळेपणाला स्थिर करतो.

‘झिंगाट’ हे गीत अजय व अतुल या दोघांनी गायिले आहे. चाल, ठेका आणि मुखड्यातील कळीचा शब्द मराठीतून जसाच्या तसा उचललेला आहे. कडव्यांतील शब्द हिंदी आहेत. नृत्यदिग्दर्शन फराह खान यांचे आहे. ‘झिंगाट’ हा शब्द भाषांतरित करण्याचा प्रयत्न झाला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. झिंग चढणे, झिंगणे या क्रियांवरून बनलेल्या या शब्दाचा अर्थ हिंदी श्रोत्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो त्याच्याकडे केवळ नाद म्हणून जातो, आणि नाद म्हणून तो पुरेसा आहे.

‘पहली बार’ हे ‘याड लागलं’ या गीताचे हिंदी रूप असून ते अजय गोगावले यांनीच गायिले आहे. मूळ गीतातील तंतुवाद्यांची भरती येथेही कायम आहे.

‘वारा रे’ हेही अजय गोगावले यांचेच एकल गीत. त्याची चाल नवी आहे. घर सोडून परक्या शहरात आलेल्या जोडप्याच्या दिवसांशी ते निगडित आहे. चौघांत ते कमी वाजले. लोकप्रियतेच्या मानाने मात्र ते अधिक चांगले आहे.

== गळालेली गीते ==

सैराटमधील दोन गीते हिंदी अल्बममध्ये आली नाहीत आणि अल्बमचा विचार करताना हा मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो.

पहिले ‘आताच बया का बावरलं’. श्रेया घोषाल यांनी गायिलेले हे आर्चीचे एकटीचे गीत आहे. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटात आर्ची ट्रॅक्टर व बुलेट चालवते, मुलांना दरडावते, प्रेमाची कबुलीही स्वतः पुढे होऊन देते. अशा मुलीच्या मनातील गडबड तिच्याच तोंडून ऐकू येणे कथेला आवश्यक होते. धडकमध्ये नायिकेला स्वतंत्र गीत नाही. श्रेया घोषाल यांचा आवाज केवळ शीर्षकगीताच्या द्वंद्वात आहे. उरलेली तीनही गीते पुरुषांच्या आवाजात आहेत. मूळ अल्बम दोघांच्या प्रेमाचा होता, हिंदी अल्बम बराचसा नायकाच्या प्रेमाचा झाला.

दुसरे ‘सैराट झालं जी’. अजय गोगावले आणि दाक्षिणात्य चित्रसृष्टीतील प्रसिद्ध गायिका चिन्मयी श्रीपाद यांच्या आवाजातील या द्वंद्वगीताच्या नावातला ‘जी’ हा हिंदीतील आदरार्थी ‘जी’ नव्हे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी जो ‘जी’चा सूर धरतात, त्याच्या कुळातील तो आहे. हे गीत हिंदीत नेले असते तर याच अक्षराशी पहिली अडचण आली असती.

== भाषा आणि भाषांतर ==

सैराटमधील गीतांचे शब्द मुख्यतः अजय-अतुल यांनीच लिहिले, त्यात नागराज मंजुळे यांचाही हात होता. ती भाषा शालेय पाठ्यपुस्तकातील मराठी नाही. ‘वेड’ ऐवजी ‘याड’, ‘लागले’ ऐवजी ‘लागलं’, ‘झाले’ ऐवजी ‘झालं’ ही त्या बोलीची सहज रूपे आहेत. शब्दारंभीच्या ‘वे’चा उच्चार ‘ये’ किंवा ‘या’ होणे हे ग्रामीण मराठीच्या मोठ्या पट्ट्याचे लक्षण आहे. ‘वेळ’ची ‘येळ’, ‘वेडा’चा ‘येडा’ होतो. करमाळ्याच्या पूर्वेला लगेच मराठवाड्याची हद्द लागते आणि लातूर, नांदेडच्या खेड्यांतही ही रूपे रोजच्या बोलण्यातली आहेत. वर्षानुवर्षे वर्गात ज्या उच्चारांवर मास्तरांनी लाल खूण केली, तेच उच्चार प्रचंड वाद्यवृंदासह देशभर ऐकू आले, हे सैराटच्या संगीताचे मोठे सामाजिक काम मानले पाहिजे.

‘याड लागलं’चे ‘पहली बार’ होताना या दृष्टीने काय झाले ते पाहण्यासारखे आहे. मराठीत भूक लागते, तहान लागते, ओढ लागते, ठेच लागते. माणूस त्या क्रियेचा कर्ता नसतो, ती त्याच्यावर येऊन कोसळते. ‘याड लागणे’ त्याच जातीचे. परश्याचे प्रेम त्याने ठरवून केलेले नाही, ते त्याला लागले आहे. ‘पहली बार’ या शब्दांत पहिलेपणाचा आनंद आहे, पण हे लागणे नाही. प्रेमाचा पहिला अनुभव हिंदी चित्रपटगीतांत शेकडो वेळा येऊन गेला आहे. त्या ओळखीच्या पायवाटेवर ‘याड’ हा शब्द उतरताच तो सपाट होतो.

व्याकरणाचाही एक भाग आहे. मराठीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही. ‘लागलं’, ‘झालं’, ‘बावरलं’ या तिन्ही क्रियापदांचा शेवट नपुंसकलिंगी आहे. त्यांतून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही; जे काही घडले ते मनाला, जिवाला, एका अनाम गोष्टीला घडले एवढेच कळते. हिंदीत क्रियापद पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी करावेच लागते. शिवाय अंत्य अनुस्वाराचा तो ‘अं’ गायकाला उघड्या तोंडाने लांबवता येतो. सैराटच्या चाली या अक्षराच्या आधाराने विसावतात. हिंदी शब्द त्याच जागी आणताना गीतकाराला वेगळ्या स्वरांचा शेवट शोधावा लागला आणि काही ठिकाणी तो शब्द चालीवर बसवलेला आहे हे जाणवते. भट्टाचार्य यांच्या कौशल्याची ही उणीव म्हणता येणार नाही. तयार चालीत दुसरी भाषा बसवणाऱ्या कोणत्याही कवीला ही अडचण येतेच.

एक प्रश्न मात्र उरतो. कथा मेवाडची आहे, पात्रांच्या संवादांत राजस्थानी वळणाची हिंदी आहे. मग गीतांना मेवाडी बोलीचा आधार का घेतला नाही? करमाळ्याच्या मराठीचा खरा प्रतिरूप मेवाडी ठरली असती, प्रमाण हिंदी नव्हे. राजस्थानात मांगणियार व लंगा गायकांची समृद्ध परंपरा आहे. अल्बम तिच्या वाटेला फारसा गेला नाही. त्यामुळे पडद्यावर उदयपूरचे तलाव व हवेल्या दिसत असताना कानाला कोणतेच विशिष्ट गाव ऐकू येत नाही.

== कथेतील स्थान ==

सैराटमध्ये चारही गीते पूर्वार्धात येतात. विहीर, उजनीच्या पाणसाठ्याचा काठ, उसाचे फड, केळीच्या बागा यांच्यात प्रेम फुलते तोवर वाद्यवृंद दुमदुमत असतो. ‘झिंगाट’ आर्चीचा भाऊ प्रिन्स याच्या वाढदिवसाच्या समारंभात येते. सारे गाव एकाच ठेक्यावर नाचते आणि त्याच रात्री दोघे पकडले जातात. त्या गीताचा उन्माद हा कथेतील अखेरचा निर्धास्त क्षण आहे. जोडपे गाव सोडते आणि गीते थांबतात. हैदराबादच्या झोपडवस्तीत गाणे नाही. शेवटच्या प्रसंगात तर ध्वनीच नाहीसा होतो: रक्तात पाय माखलेले मूल घराबाहेर चालत जाते आणि चित्रपटगृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. ज्या प्रेक्षकांनी तासाभरापूर्वी ‘झिंगाट’वर पडद्यासमोर जाऊन नाच केला होता, त्यांना त्याच आसनांवर या शांततेत बसावे लागले. पूर्वार्धातील संगीताची भव्यता ही या शांततेची पूर्वतयारी होती.

धडकमध्ये ही रचना सैल झाली आहे. उत्तरार्धातही ‘वारा रे’ आहे आणि त्यामुळे परक्या शहरातील हालांना गीताचा दिलासा मिळतो. शेवटही बदलला आहे. मराठीत आई-वडील मारले जातात व मूल उरते. हिंदीत नायक आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते. हा बदल धक्कादायक आहे, परंतु त्यामागची जात येथे पुसट झाली आहे. सैराटमध्ये जातीचे नाव फारसे उच्चारावे लागत नाही, कारण वाडा, वस्ती, पोशाख, बोलणे, कोण कोणाला अरे-तुरे करतो यांतून ती प्रत्येक क्षणी दिसते. धडकमध्ये मुख्यतः श्रीमंती-गरिबी आणि राजकीय सत्ता दिसते. अनेक समीक्षकांनी हिंदी आवृत्तीवर हाच मुख्य आक्षेप घेतला. संगीताचे वेगळेपण त्याच कारणाने उणावले: ज्या मुलाला व्यवस्थेने काहीच देऊ केलेले नाही त्याच्यासाठी वाजणारा वाद्यवृंद आणि उदयपुरात उपाहारगृह चालवणाऱ्या खात्यापित्या घरातील मुलासाठी वाजणारा वाद्यवृंद हे सारखे ऐकू येत नाहीत, स्वर तेच असले तरी.

== मराठवाड्यातील संदर्भ ==

मूळ चित्रपटातील पळालेले जोडपे हैदराबादला पोहोचते, हे मराठवाड्यातील प्रेक्षकाला स्वाभाविक वाटले. नांदेड आणि लातूरचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड हा आजही दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग असून त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. शिक्षण, औषधोपचार, मजुरी यांसाठी या भागातील माणूस मुंबई-पुण्याइतकाच हैदराबादकडे वळतो. भाषा न कळणाऱ्या शहरात आर्चीची जी घुसमट होते, ती येथील अनेक स्थलांतरित कुटुंबांच्या ओळखीची आहे. हिंदी आवृत्तीत कोलकाता आल्यावर हा धागा अर्थातच तुटला.

हिंदी गीतांशी मराठवाड्याचे नाते परकेपणाचे नाही. निजामी राजवटीतील उर्दू शिक्षण आणि बाजारात बोलली जाणारी दख्खनी यांमुळे नांदेड, लातूरच्या कानाला हिंदी-उर्दू गीत सवयीचे आहे. तरीही वरातीत, गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ‘झिंगाट’ची फर्माईश झाली की बँडवाल्याने अथवा डीजेवाल्याने लावायचे असते ते प्रामुख्याने मराठी ‘झिंगाट’. बँडवर केवळ सुरावट वाजते तेव्हा भाषेचा प्रश्नच येत नाही. शब्द मात्र नाचणारे स्वतः म्हणतात, आणि ते मराठी असतात.

अजय-अतुल यांच्या संगीताचा लातूरशी आणखी एक दुवा आहे. लातूर जिल्ह्यातील बाभळगावच्या देशमुख कुटुंबातील अभिनेते रितेश देशमुख यांच्या लय भारी (२०१४), माउली (२०१८) आणि वेड (२०२२) या मराठी चित्रपटांना याच जोडीचे संगीत आहे. वेड हा तेलुगू चित्रपट मजिलीवर आधारलेला प्रेमपट असून रितेश यांनीच तो दिग्दर्शित केला. म्हणजे येथे प्रवास उलट्या दिशेने झाला: कथा दुसऱ्या भाषेतून मराठीत आली आणि गीते मराठीतच नव्याने जन्मली. ‘याड’ आणि ‘वेड’ ही एकाच शब्दाची दोन रूपे एकाच संगीतकारांच्या दोन लोकप्रिय अल्बमांत यावीत, हा योगायोग भाषेच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवण्याजोगा आहे.

== प्रतिसाद ==

शीर्षकगीताचे सर्वत्र स्वागत झाले. ‘झिंगाट’च्या हिंदी रूपाबद्दल मात्र ते प्रसिद्ध होताच समाजमाध्यमांवर, विशेषतः मराठी श्रोत्यांत, नाराजी उमटली. मूळ शब्दांतील रांगडेपणा हिंदीत उथळ झाला, असा सूर होता. दुसऱ्या बाजूला, ज्यांनी मराठी गीत कधी ऐकलेच नव्हते अशा उत्तर भारतीय श्रोत्यांनी ते उत्साहाने स्वीकारले आणि तेथील लग्नसमारंभांत त्याला जागा मिळाली. दोन्ही प्रतिक्रिया खऱ्या आहेत. गीत पहिल्यांदा कोणत्या भाषेत कानावर पडले यावर ते ‘आपले’ कोणते हे ठरते.

अजय-अतुल यांच्यासाठी २०१८ हे वर्ष हिंदीतील कामाच्या दृष्टीने गजबजलेले ठरले. धडकपाठोपाठ ठग्स ऑफ हिंदोस्तान आणि झीरो या मोठ्या चित्रपटांना त्यांचे संगीत होते. नागराज मंजुळे यांच्याशी त्यांची पुन्हा गाठ पडली ती झुंड (२०२२) या हिंदी चित्रपटात. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांच्या फुटबॉलवर आधारलेल्या त्या चित्रपटाचे शब्दही अमिताभ भट्टाचार्य यांनीच लिहिले, पण तेथे चाली पहिल्यापासून हिंदी शब्दांसाठी बांधलेल्या होत्या.

धडक २ या नावाचा चित्रपट १ ऑगस्ट २०२५ रोजी प्रदर्शित झाला. शाझिया इक्बाल दिग्दर्शित हा चित्रपट मारी सेल्वराज यांच्या परियेरुम पेरुमाळ (२०१८) या तमिळ चित्रपटावर आधारलेला असून त्याची कथा व पात्रे वेगळी आहेत. पहिल्या चित्रपटाने टाळलेला जातीचा प्रश्न त्यात थेट हाताळला आहे. त्याला अजय-अतुल यांचे संगीत नाही.